संध्याकाळची मुंबई आणि कापसाचा हिशेब

आपल्या भागातला माणूस मुंबईला जातो तो हातात फाईल घेऊन. मंत्रालयातलं अडलेलं काम, नाहीतर टाटा किंवा केईएमला दाखवायचा पेशंट, नाहीतर मुलाचा इंटरव्ह्यू. काम झालं की रात्रीची गाडी धरायची आणि सकाळी मांजरसुंब्याच्या चौकात उतरून चहा घ्यायचा. मुंबई पाहिली का असं कुणी विचारलं तर आपण 'हो' म्हणतो, पण पाहिलेली असते ती रांग.

म्हणून या रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या काही कुटुंबांनी वर्गणी काढून खासगी गाडी ठरवली, फक्त मुंबई पाहायला, आणि तीही संध्याकाळची. पूर्वी यासाठी एमटीडीसीची उघड्या छपराची 'नीलांबरी' बस होती. १९९७ साली सुरू झालेली ती बस पुढे बंद पडली. घोड्यांच्या व्हिक्टोरियाही उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालानंतर रस्त्यावरून गेल्या. आता आपली गाडी आपण ठरवायची आणि वाटाड्याही आपणच शोधायचा. आम्हाला मिळालेला वाटाड्या मुलगा गोड बोलणारा होता, पण त्याला नटनट्यांचे बंगले जास्त माहीत. फोटो सगळ्यांनी ग्रुपवर पाहिलेच आहेत. संपादक मंडळाने 'सहलीवर लिहा' म्हटलं, तेव्हा मी ठरवलं की फोटोत जे आलं नाही ते लिहावं.

सुरुवात गेटवेपासून. पंचम जॉर्ज राजा डिसेंबर १९११ मध्ये इथे उतरला तेव्हा कमान नव्हतीच. पायाभरणीच मुळी पुढे ३१ मार्च १९१३ ला झाली, राजाला दाखवायला नुसता पुठ्ठ्याचा नमुना होता. जॉर्ज विटेटने आखलेली खरी कमान पुरी होऊन ४ डिसेंबर १९२४ ला तिचं उद्घाटन झालं. आणि जेमतेम २३ वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ ला, ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून बोटीवर चढली. वाटाड्याने ही तारीख सांगितली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र मनात दुसरी तारीख मोजत होतो. त्या दिवशी आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि रझाकारांचा जोर चालू होता. इंग्रज गेटवेतून निघून गेल्यावरही आपल्याला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत थांबावं लागलं. आपल्या आधीच्या पिढीला हे सांगावं लागत नसे, नातवंडांना सांगावं लागतं.

तिथून गाडी हॉर्निमन सर्कलला वळली. सूर्य खाली गेला होता, दिवे लागायचे होते. ही गोल बाग आणि भोवतीच्या एकसारख्या इमारती पाहून बायका म्हणाल्या, 'किती शिस्तीत बांधलंय!' शिस्तीत बांधलंय खरं, पण ज्या पैशावर बांधलं तो शिस्तीचा नव्हता. माझा लेख खरा इथेच सुरू होतो, कारण बँकेत ३५ वर्षं काढलेल्या माणसाला या जागेवरून नुसतं पुढे जाता येत नाही.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मग गिरणीवाल्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. गुजरात, खानदेश, वऱ्हाड, धारवाड इथला कापूस मुंबई बंदरात यायचा आणि त्याचा भाव कित्येक पटींनी चढला. युद्धाच्या चार-पाच वर्षांत मुंबईत नेहमीपेक्षा ७ ते ८ कोटी पौंड जास्तीचे आले असा त्या काळच्या माणसांचा अंदाज होता. एवढा पैसा एकदम आला की तो स्वस्थ बसत नाही. बँका निघाल्या, वित्त कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या. त्यातल्या बॅक बे कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरचा भाव तर मूळ किमतीच्या कित्येक पट झाला, आणि जमीन तर अजून पाण्याखालीच होती!

९ एप्रिल १८६५ ला अमेरिकेत जनरल ली शरण गेला. कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ ला वायद्यांचे व्यवहार पुरे करायचा दिवस आला तेव्हा देणारे देऊ शकले नाहीत आणि शहरातले मोठमोठे पेढीवाले एकामागून एक बसले.

यात बँक ऑफ बॉम्बेचं काय झालं ते प्रत्येक बँकवाल्याने वाचावं असं आहे. १८४० साली निघालेली ही सरकारी भागीदारीची बँक. आधीच्या सनदेत शेअर तारण ठेवून कर्ज द्यायला आळा होता. १८६३ च्या नव्या कायद्यात तो सैल झाला आणि बँकेने शेअरवर सढळ हाताने कर्जं दिली. लोक कर्ज काढून शेअर घेत, ते शेअर तारण ठेवून पुन्हा कर्ज काढत. माझ्या नोकरीत सोनं असो, सोयाबीन असो की ट्रॅक्टर, तारण म्हणून ठेवलेल्या वस्तूची किंमत कर्जामुळेच फुगलेली नाही ना, हे आम्ही आधी पाहायचो. इथे ते कुणी पाहिलं नाही. भागभांडवल जवळजवळ सगळं बुडालं आणि १८६८ मध्ये बँक गुंडाळावी लागली. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याच वर्षी नव्या बँक ऑफ बॉम्बेची स्थापना झाली. ती १९२१ मध्ये इम्पिरियल बँकेत मिळाली आणि इम्पिरियलची १९५५ मध्ये स्टेट बँक झाली. आपल्या गावातल्या कितीतरी पेन्शनर मंडळींचं खातं आज जिथे आहे, त्या बँकेच्या वंशावळीत असा एक बुडालेला पूर्वजही आहे.

पुढे हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, म्हणजे ऐन कापसाच्या तेजीतलं. किल्ल्याच्या जुन्या भिंती गव्हर्नर बार्टल फ्रेअरने पाडायला लावल्या त्याच सुमाराचं. पण आपण तिथे उतरलो ते कारंज्यासाठी नाही. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर याच परिसरात गोळीबार झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९५६ पर्यंत आपली राजधानी हैदराबाद होती. मुंबई आपली झाली ती या रक्ताच्या हिशेबाने. स्मारकावर मशाल धरलेले दोघे आहेत, एक कामगार आणि एक शेतकरी. शेतकऱ्याचा पुतळा फोर्टात एवढाच उभा आहे याचा मला आनंदही वाटला आणि थोडं हसूही आलं. भोवतीच्या सगळ्या दगडी महालांचा पैसा त्याच्याच शेतातून आला होता.

ओव्हल मैदानाच्या बाजूने राजाबाई टॉवर पाहिला तेव्हा दिवे लागले होते. २८० फूट उंचीचा हा मनोरा प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतला, आईच्या नावाचा. दोन लाख मनोऱ्याला आणि दोन लाख विद्यापीठाच्या ग्रंथालयाला. आई दृष्टिहीन होत्या, सूर्यास्तापूर्वी जेवायचा जैन नियम पाळता यावा म्हणून घड्याळाचे टोले, अशी गोष्ट सांगतात. देणगी तेजीतली, मंदीत प्रेमचंद स्वतः पार बुडाले. बँक ऑफ बॉम्बेच्या बुडीत कर्जांच्या चौकशीतही त्यांचं नाव आलं. तरी मनोरा १८७८ ला पुरा झाला. आराखडा काढणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही.

पण याच्या जोडीला दुसरी एक तारीख ठेवली पाहिजे, जी कुठल्याही सहलीत सांगत नाहीत. तेजीच्या वर्षांत सावकारांनी शेतकऱ्यांना सहज कर्जं दिली. भाव पडल्यावर, वर सरकारने शेतसाराही वाढवल्यावर, वसुली सुरू झाली. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं बाजारात जाळली. दंगे नगर जिल्ह्यात पसरले, म्हणजे आपल्या आष्टीच्या शेजारी. त्यातून १८७९ चा शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. म्हणजे राजाबाई टॉवरचे दगड चढत होते त्याच वर्षांत त्याच कापसाची खतं जळत होती. पीककर्जाच्या फाईली हाताळलेल्या माझ्यासारख्याला त्या मनोऱ्याकडे नुसतं 'सुंदर' म्हणून पाहता येत नाही. सुंदर तो आहेच.

सीएसएमटीचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण तिथे पार्किंग मिळालं नाही आणि गाडीतूनच पाहिलं. स्टीव्हन्सने बांधलेली ही इमारत, जवळच्या बोरीबंदरातून १६ एप्रिल १८५३ ला पहिली रेल्वे ठाण्याला गेली. बीडला रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ ला, अहिल्यानगरहून. मधली १७२ वर्षं आपण मोजायची.

मरीन ड्राइव्हवर मात्र तासभर थांबलो. मुलांनी भेळ खाल्ली, काकूंनी कठड्यावर बसून पाय सोडले. हा सगळा रस्ता समुद्र बुजवून केलेला. १८६० च्या दशकात फसलेली बॅक बे योजना १९२० च्या दशकात सरकारने पुन्हा हाती घेतली, सुमारे १,१४५ एकर जमीन काढायची म्हणून. खर्च फुगला, काम रखडलं, शेवटी ४३९ एकरांच्या आसपास जमीन हाती लागली. त्यातला गैरकारभार वकील के. एफ. नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि नरिमन निर्दोष सुटले. भराव घालणाऱ्यांची नावं कुणाला आठवत नाहीत आणि पुढच्या भरावावरच्या नरिमन पॉइंटला विरोध करणाऱ्याचं नाव मिळालं. आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हिशेबावर प्रश्न विचारणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

परत येताना अटल सेतूकडे जाण्यासाठी पूर्व मुक्त मार्ग धरला. शिवडीच्या अलीकडे खाली लोकलचं एक स्टेशन लागतं, कॉटन ग्रीन. नात म्हणाली, 'आजोबा, कापूस हिरवा कसा?' ग्रीन म्हणजे इथे मैदान. पूर्वी हॉर्निमन सर्कलच्याच जागी कापसाच्या गाठी उघड्या मैदानात पडायच्या, मग ते मैदान कुलाब्याला गेलं, मग इकडे शिवडीला कापसाची गोदामं झाली आणि जाताना प्रत्येक वेळी नाव बरोबर आलं. ड्रायव्हरने सांगितलं की आता तिथे कापूस येत नाही, नुसती पाटी आहे. तेवढ्यात गाडी पुलावर चढली आणि मागे बसलेल्या मंडळींनी यंदा कापसाला काय भाव लागेल याची चर्चा सुरू केली, ती पार लोणावळ्यापर्यंत चालली.