नांव सांगण्याची किंमत

न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत १९६५ सालीं रॉबर्ट मार्टिन नांवाचा एक तरुण शिकावयास आला. पुरुषांविषयींहि आपणांस अनुराग वाटतो, ही गोष्ट त्यानें वसतिगृहांतील सोबत्यांपासून लपविली नाहीं. परिणाम असा झाला कीं, त्यास ती जागा सोडून दुसरीकडे जावें लागलें.

पुढील वर्षीं स्टीफन डोनाल्डसन हें टोपणनांव घेऊन त्यानें समलिंगी विद्यार्थ्यांचा एक संघ काढला. विद्यापीठाची मान्यता हवी असेल तर सभासदांचीं नांवें कळविलीं पाहिजेत, असा नियम होता. आणि पेंच पडला तो येथेंच. त्या काळीं न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यानें असे संबंध गुन्हा ठरत. यादींत नांव घालणें म्हणजे पुढची नोकरी, घर, कदाचित् मोकळीकहि पणास लावणें. नांव न द्यावें तर संघ नाहीं, आणि द्यावें तर संघांत यावयास कोणी धजावयाचा नाहीं, असा हा विलक्षण न्याय! अखेर विद्यार्थ्यांतील कांहीं वजनदार पुढाऱ्यांनीं आपलीं नांवें केवळ यादीपुरतीं उसनीं दिलीं. लोकांच्या संशयास असें आपण होऊन सामोरें जाणें ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. १९ एप्रिल १९६७ रोजीं संघास मान्यता मिळाली. ३ मे रोजीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें ही वार्ता पहिल्या पानावर छापली, तेव्हां विद्यापीठाकडे संतप्त पत्रांचा ओघ सुरू झाला.

न्यू हॅम्पशायर विद्यापीठांत १९७३ सालीं अशाच एका संघानें नृत्याचा कार्यक्रम केला. पुढें राज्याचे गव्हर्नर मेल्ड्रिम टॉमसन यांनीं विद्यापीठाचा पैसा रोखण्याची धमकी दिली. प्रकरण न्यायालयांत गेलें आणि १९७४ सालीं निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूनें लागला.

सभा भरविण्याचा हक्क असा मिळाला. परंतु फी कोणी भरावयाची? अमेरिकेंतील सरकारी शैक्षणिक साहाय्याची पद्धति अशी आहे कीं, चोवीस वर्षांखालील अविवाहित विद्यार्थी सामान्यतः आईबापांवर अवलंबून आहे असें धरून चालतात, आणि त्यांच्या उत्पन्नावरून त्याची गरज ठरवितात. सुखवस्तु बापानें मुलास घराबाहेर घातलें, तरी कागदावर तो मुलगा सुखवस्तूच राहतो. अपवाद करण्याचा अधिकार महाविद्यालयाच्या अधिकाऱ्यास असतो. पण आईबाप पैसे देत नाहींत एवढेंच कारण पुरत नाहीं, घर तुटल्याचा पुरावा आणावा लागतो. अठरा वर्षांच्या पोरानें आपल्याच आईबापांविरुद्ध पुरावा गोळा करावा, ही अट घालणारांस तिच्यांतील क्रौर्य दिसलें असेल काय?

हीच उणीव भरून काढण्यासाठीं कांहीं खासगी निधि उभे राहिले. वायोमिंग विद्यापीठाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी मॅथ्यू शेपर्ड याला तो समलिंगी म्हणून लॅरमी येथें निर्घृण मारहाण झाली, आणि १२ ऑक्टोबर १९९८ रोजीं तो मरण पावला. त्याच्या आईबापांनीं त्यास कधीं दूर लोटलें नव्हतें. त्यांनींच त्याच्या नांवें प्रतिष्ठान काढलें, आणि पुढें आयोवा राज्यांत त्याच्या नांवाची शिष्यवृत्तिहि सुरू झाली. २००१ सालीं स्थापन झालेल्या पॉइंट फाउंडेशनची योजना याहून व्यापक आहे. ती संस्था पदवीच्या व त्यापुढील विद्यार्थ्यांस पैसा देते, शिवाय प्रत्येकास वडीलकीच्या नात्यानें वाट दाखविणारा एक मार्गदर्शक नेमून देते. घरानें जें काढून घेतलें त्यांत पैशापेक्षां हेंच अधिक होतें, हें संस्थापकांनीं ओळखलें असावें. उलट विद्यार्थ्यानें आपल्या समाजासाठीं दरवर्षीं एखादें काम तडीस न्यावें, अशी अपेक्षा असते.

मात्र अर्जदाराची ओळख उघड असली पाहिजे, अशीहि अट या संस्थेनें घातली. उसन्या नांवांवर येथें भागत नाहीं. ज्या मुलानें घरीं अद्याप कांहींच सांगितलेलें नाहीं, त्यास अर्ज करणें अवघड जातें. आणि त्याची फी ज्यांच्यापासून तो हें लपवितो, तेच भरीत असतात.