गणनापत्रकांतील एक जर्मन घराणे

स्थलांतराच्या साहित्याचा अभ्यासक पत्रे, आत्मवृत्ते, कादंबऱ्या यांकडे वळतो. खानेसुमारीच्या पत्रकांकडे सहसा वळत नाही. अमेरिकेतील आयझेनहॉवर घराण्याची पत्रके या दृष्टीने वाचण्याजोगी आहेत. हान्स निकोलाउस आयझेनहाउअर १७४१ मध्ये सार प्रदेशातील कार्ल्सब्रुन सोडून फिलाडेल्फियास उतरला. त्याच्याच वंशात पुढे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर जन्मले. त्यामुळे या घराण्याचा वृत्तांत अन्य साधनांनीही ज्ञात आहे, आणि पत्रके काय सांगतात व काय गाळतात हे ताडून पाहता येते.

१७९० ते १८४० पर्यंतच्या सहा गणनांत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिले जाई. बायकामुले म्हणजे निव्वळ आकडे. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव व जन्मस्थान येऊ लागले. (गुलामांची पत्रके वेगळी होती; त्यांत बहुधा नावे नसत.) १८७० मध्ये तर जर्मनीत जन्मलेल्यांचे प्रशिया, बाडेन असे मूळ राज्य नोंदवावे, अशी गणकांना सूचना होती. परंतु ड्वाइट यांचे आजोबा जेकब १८२६ मध्ये पेनसिल्व्हेनियातच जन्मले होते. पत्रकाच्या लेखी ते जर्मन नव्हेतच! वस्तुतः ते ‘रिव्हर ब्रदरन’ या पंथाचे धर्मोपदेशक होते आणि जर्मन भाषेत उपदेश करीत. शतकाहून अधिक काळ घरात टिकलेल्या त्या भाषेसाठी पत्रकात रकानाच नव्हता. मातृभाषेचा प्रश्न १९१० मध्ये आला, तोही परदेशात जन्मलेली व्यक्ती वा तिचे परदेशात जन्मलेले आईबाप यांच्यापुरता. हिंदुस्थानच्या १८८१ च्या गणनेत मातृभाषा सर्वांनाच विचारली गेली होती. तंजावरचे मराठी भाषक पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहूनही कागदावर मराठी भाषक उरले, ते या रकान्यामुळे.

दुसरी उणीव अपघाताने घडलेली आहे. १८७८ मध्ये जेकब आपल्या पंथबांधवांसह कॅन्सासमधील डिकिन्सन परगण्यात गेले. १८८० ची गणना घराण्याला तेथे दाखवते. १९०० ची गणनाही तेथेच. मधल्या १८९० च्या पत्रकांचा बहुतांश वॉशिंग्टन येथे १९२१ च्या आगीत व तिच्या परिणामी नष्ट झाला. हर्मन हॉलरिथ या जर्मन स्थलांतरितांच्या मुलाने रचलेल्या यंत्रांनी मोजलेली हीच ती गणना. तिच्या बेरजा उरल्या, माणसे गेली. जेकब यांचे पुत्र डेव्हिड यांचे होप या गावचे दुकान १८८८ मध्ये बुडाले आणि ते रेल्वेतील नोकरीसाठी टेक्सासला गेले. तेथे डेनिसन येथे १४ ऑक्टोबर १८९० रोजी ड्वाइट जन्मले, आणि लवकरच कुटुंब कॅन्सासला परतले. केवळ संघीय पत्रके जुळवणाऱ्यास हे घराणे वीस वर्षे एकाच परगण्यात स्थिर होते असेच वाटेल. ही फट बुजवायची तर १९०० च्या पत्रकात मुलांच्या जन्मस्थानाचा रकाना ओळीने वाचावा लागतो, किंवा १८९५ च्या कॅन्सास राज्यगणनेकडे जावे लागते. कारण ‘कॅन्सासला कोठून आला?’ हा प्रश्न त्या राज्याने स्वतंत्रपणे विचारला होता.