आतल्या थरातलं आलवण

माणूस गेला की त्याचे कपडे घरात ठेवू नयेत, असं आमच्या पंचवटीत अजूनही सांगतात. दहाव्याला रामकुंडावर पिंडदान उरकलं की काही जण कपड्यांचं बोचकं गंगेतच सोडून देतात. आम्हा नाशिककरांची गोदावरी म्हणजे गंगाच. पुढे बाराव्या-तेराव्याला शय्यादान. गेलेल्याच्या नावाने गादी, उशी, पांघरूण, छत्री, वहाणा दान द्यायच्या. राहिलेसाहिलेले कपडे बोहारणीच्या वाट्याला जायचे आणि बदल्यात घरात एखादं पातेलं यायचं.

एवढा बंदोबस्त असूनही इकडच्या जुन्या घरांतल्या गोधड्या उसवल्या की आत गेलेल्या बायकांची लुगडी सापडतात. मी गोधड्या शिवते, जुन्यांची डागडुजी करते, त्यामुळे हे सगळं माझ्या हाताखालून जातं.

आमच्याच घरची एक गोधडी सांगते. वरचा थर आईच्या हिरव्या सुती पातळाचा. त्याखाली आजीचं नऊवारी, दंड घातलेलं. लुगडं बसण्याच्या जागी विरलं की बायका तेवढा भाग कापून काढायच्या, धड टोकं एकमेकांना जोडायच्या आणि पुन्हा नेसायला घ्यायच्या. तो जोड म्हणजे दंड. आजीचे टाके इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत, बोट फिरवलं तरच लागतात. त्याच्या खाली धोतराचे तुकडे आणि जाड्याभरड्या कापडाचा एक पट्टा. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, सरकारने कापडावर नियंत्रण आणलं, तेव्हाचं ते कंट्रोलचं कापड, असं आजी सांगायची. आणि अगदी आत, दोन धोतरांच्या मध्ये, आलवण.

केशवपन केलेल्या विधवेने नेसायचं ते तांबडं, खरखरीत वस्त्र. हे माझ्या पणजीच्या नणंदेचं. लहानपणीच कपाळ पांढरं झालं, माहेरी परत आली आणि वाड्याच्या माजघरात जन्मभर राबली. तिचा एकही फोटो नाही. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या नामावळ्या असतात. पिढ्यान् पिढ्यांच्या त्या वह्या उघडल्या की कोण कधी क्षेत्राला आलं, कुणाचा मुलगा कोण, हे सापडतं. नाव चालतं ते बापाकडून मुलाकडे. आमच्या घराण्याच्या वहीत या बाईची नोंद नाही. तिचं वस्त्र खरं तर गंगेतच जायचं. पणजीने ते ठेवून घेतलं आणि गोधडीच्या पोटात घातलं. सवाष्णीच्या अंथरुणात आलवण वरून दिसून चाललं नसतं. पण जिने घरातली सगळी मुलं न्हाऊमाखू घातली, तिचं काहीतरी त्या मुलांच्या अंगावर यावं, एवढी पणजीची इच्छा असणार. रंग सुटून दोन्ही बाजूंच्या धोतरांना तांबूस झाक आलेली आहे. ती गोधडी मी दुरुस्त केली तेव्हा तो थर होता तसाच ठेवला.

कपडे ठेवू नयेत हा नियम शास्त्राचा असेल, पण त्याला धार आली ती प्लेगमुळे, असं माझं मत आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि मग मुलूखभर पसरला. रोग्याचं अंथरूण-पांघरूण जाळून टाकायचं, हा तेव्हाचा शिरस्ता. आमच्या जवळच्या भगूरला सावरकरांचे वडील १८९९ मध्ये प्लेगनेच गेले. त्या वर्षांत किती घरांच्या गोधड्या आगीत गेल्या असतील! मेलेल्याच्या कपड्याची भीती त्यानंतर लोकांच्या मनात खोल बसली. तरीही बायका एखादं लुगडं उकळून, उन्हात वाळवून बाजूला काढतच राहिल्या. नव्या बाळाला पहिलं दुपटं आजीच्या किंवा पणजीच्या मऊ लुगड्याचंच लागायचं, मग ती हयात असो वा नसो.

या सगळ्याचा आधार म्हणजे सुती कापड. मालेगावात १८५७ नंतर उत्तरेकडून विणकर कुटुंबं येऊन वसली, आधी हातमाग आणि मग यंत्रमाग आले. तिथली रंगीत सुती लुगडी पुढे खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या अंगावर दिसू लागली. येवल्याची पैठणी पेटीत राहायची. गोधडीत गेलं ते मालेगावचं रोजचं लुगडं. सूत धुऊन धुऊन मऊ होतं, घाम पितं, सुईला वाट देतं. पॉलिस्टरच्या साड्या आल्या आणि गोधडीचा कणाच मोडला. ते कापड विरत नाही, मऊ पडत नाही, थर एकमेकांवरून सरकतात. निफाडकडे थंडीत पारा चार-पाच अंशांवर येतो, तेव्हा ती गोधडी अंगावर बर्फासारखी लागते.

मी शिवते ती पद्धत आजीचीच. धुतलेली लुगडी ओट्यावर अंथरायची, कोपऱ्यांवर पाटा-वरवंट्याचं वजन ठेवायचं, लांब टाक्यांनी थर आधी टाचून घ्यायचे. मग काठापासून धावदोरा घालत चौकोनातून चौकोन आत न्यायचा. पूर्वी हे उन्हाळ्यात व्हायचं. शेतातली कामं थांबलेली असायची आणि गोधडीभोवती चारी बाजूंनी बायका बसायच्या. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलेलं असेल, तिथे हे काम लवकर संपत नसे. एकेक लुगडं पसरलं की ते कुठल्या बाजारातून आणलं, कुणाच्या लग्नात नेसलं, हे बोलणं निघायचं आणि रडणंही व्हायचं. दिवस घालायला आलेल्या पाहुण्यांसमोर जे बोलता येत नसे, ते इथे बोललं जाई.

गोधड्या धुण्याचा वार्षिक काळ घटस्थापनेच्या आधीचा, म्हणजे नेमका पितृपक्षातला. एकीकडे पितरांना पान वाढलं जाई आणि दुसरीकडे त्यांची लुगडी पोटात घेतलेल्या गोधड्या गंगेवर आपटल्या जात. आता प्रदूषणामुळे घाटावर कपडे धुवायला मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. गोधड्या गच्चीवर धुवाव्यात, पण धुवाव्यात.

अमेरिकेत एड्सने गेलेल्यांसाठी अशाच गोधड्या शिवल्या गेल्या. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या मैदानावर त्या पहिल्यांदा अंथरल्या, तेव्हा १,९२० तुकडे होते. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, साधारण कबरीच्या मापाचा, आणि त्यावर गेलेल्याचं नाव. ज्यांचं नाव घ्यायलाही लोक कचरत होते, त्यांची नावं सगळ्या देशाला दिसतील अशी मांडली, हे मला फार मोठं वाटतं. आमच्या गोधडीवर नाव नसतं. कापड ओळखणारं माणूस घरात आहे तोवर नाव आहे.

कोविडनंतर माझ्याकडे येणारं काम बदललं. त्या दोन वर्षांत अनेकांना आपल्या माणसाला शेवटचा हातही लावता आला नाही. दवाखान्यातून काही परत आलं नाही, राहिलं ते कपाटातलं. लोक ते कपडे घेऊन येऊ लागले. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरी केलेल्या एका गृहस्थांचे सदरे आणि लुंग्या आल्या, कुणा शाळामास्तरांचे पांढरे लेंगे आले. टेरिकॉटचे सदरे मी आत घालत नाही. वरच्या थरावर तुकडे लावते आणि आत सुती धोतर किंवा जुनं पातळ देते. खिसा असला तर तो तसाच ठेवते. काही जण गोधडी काचेत लावायची म्हणतात. मी स्पष्ट सांगते की भिंतीसाठी मी शिवत नाही. पांघरणार असाल तर कपडे ठेवून जा.

अलीकडे तिघी बहिणी आईचं एकच इरकल घेऊन आल्या. बाकी सगळं भावजयीने दिवसकार्यातच वाटून टाकलं होतं. तिघींनाही पदर हवा होता. मी पदराचे उभे तीन भाग केले. दोघींना एकेक काठ मिळाला. मधला तुकडा बिनकाठाचा, तो थोरलीने मागून घेतला. त्याला मी लुगड्याच्या दुसऱ्या टोकाचा काठ जोडून दिला, दंड घालून.