मागे उभा राहून धरलेले ध्रुपद

वाचकहो, आषाढात तुकोबांची पालखी इंदापूरकडून येते, नीरा ओलांडते आणि अकलूजला आपल्या सोलापूर जिल्ह्यात शिरते. त्या दिंड्यांतले टाळकरी तुम्ही पाहिले असतील. तुमच्यापैकी कित्येकजण त्यांत चाललेही असतील. पुढचा गातो, मागचे ध्रुपद धरतात. या मागच्या रांगेविषयी आज बोलायचे आहे, कारण तुकोबा स्वतः आधी या मागच्या रांगेतच उभे होते.

इतिहास पाहू. सन १६३० च्या सुमारास दख्खन आणि गुजरात या दोन्ही मुलखांत पाऊस लागोपाठ दगा देऊन गेला. हा दुष्काळ किती भयंकर होता, हे शाहजहानच्या दरबारी इतिहासकाराने, अब्दुल हमीद लाहोरीने, लिहून ठेवले आहे. सुरतेहून आग्र्याला निघालेला पीटर मंडी हा इंग्रज प्रवासीही वाटेवरची प्रेते पाहून हादरला होता. बादशहाच्या आणि व्यापाऱ्यांच्या दप्तरात अशा नोंदी सापडतात. पण ज्याच्या घरातली चूल विझली त्या माणसाच्या तोंडचे शब्द फार क्वचित मिळतात. देहूच्या वाण्याचे मात्र मिळतात.

तुकोबांचे घर खाऊनपिऊन सुखी होते. बाजाराची महाजनकी, दुकान, सावकारी, सगळे होते. आईबाप गेले, थोरल्या भावाचे संसारातून मन उठले, आणि कोवळ्या वयात सगळा भार तुकोबांवर आला. त्यावर हा दुष्काळ! धंदा बुडाला, चारचौघांतली पत गेली, आणि पहिली पत्नी रखमाबाई अन्न अन्न करीत गेली. मुलगा संतूही त्याच काळात गेला, असे परंपरा सांगते. प्रचलित मताप्रमाणे जन्म १६०८ चा धरला, तर तुकोबांचे वय तेव्हा बाविशीच्या आतबाहेर होते. आपल्या गावात या वयाचे पोर अजून थोरल्यांच्या सल्ल्याने चालते, नाही का?

मग काय झाले? तुकोबांचा आत्मचरित्रपर म्हणून ओळखला जाणारा एक अभंग आहे. त्यात त्यांनी हा सारा क्रम आपणच सांगितला आहे. गुरुजनांनी तो वर्गात जरूर वाचून दाखवावा. बायको गेल्याची, पैसा गेल्याची, मान गेल्याची, मनाला वाटलेल्या लाजेची आणि दुःखाची गोष्ट ते आडपडदा न ठेवता सांगतात. लाज हा शब्द ध्यानात ठेवा. ज्याचे मन खचते त्याला दुःखाइतकीच लाज खात असते. तो चारचौघांत यायचे टाळतो. तुकोबाही भंडारा आणि भामचंद्र या डोंगरांवर एकटे जाऊन बसत.

पुढे ते सांगतात की देवळाची पडझड झाली होती, ते बांधावे असे मनात आले. म्हणजे आधी हाताला काम लागले, माती आणि दगडाचे काम. मग एकादशीला कीर्तन करू लागले. पण तेव्हा अभ्यासात चित्त लागत नव्हते, हेही ते प्रांजळपणे सांगतात. मग संतांची काही वचने पाठ केली. पुढे गाणाऱ्यांचे ध्रुपद मागे उभे राहून धरले. स्वतःचे कवित्व आले ते याच्या कितीतरी नंतर.

हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. खचलेल्या माणसाला आपण म्हणतो, 'बोल बाबा, मन मोकळे कर.' पण त्याच्याकडे शब्दच नसतात! ध्रुपद धरणाऱ्याला स्वतःचे शब्द लागत नाहीत. दुसऱ्याची ओळ, दुसऱ्याची चाल, टाळाचा ठेका ठरलेला, आणि आपला आवाज दहा आवाजांत मिसळलेला. श्वास आपोआप लांब होतो, पाय ठेक्यावर पडतो. चुकले तरी शेजारचा सावरून घेतो. तुकोबांना नेमके असेच वाटले असेल, असा माझा दावा नाही. पण भजनात बसलेल्याला हे सांगावे लागत नाही.

आता एक सावधगिरी. गाथेत आधी दुःखाचे अभंग आणि मग आनंदाचे, अशी रांग लावायचा मोह होतो. तसे करता येत नाही. मुंबई सरकारच्या मदतीने १८६९ पासून छापलेल्या गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत, पण त्यांचा क्रम काळाचा नाही. आणि बरे होण्याची वाट सरळ नव्हतीच. आपल्या पंढरपूरशी निगडित असलेले पत्रिकेचे अभंगच पाहा. आजारपणामुळे वारी चुकली तेव्हा तुकोबांनी ते वारकऱ्यांच्या हाती विठोबाला धाडले, असे सांगतात. त्यांत काळजी आहे, देव आपल्याला विसरला की काय ही भीती आहे. पुढे विरोध झाला, वह्या पाण्यात बुडवाव्या लागल्या, तेव्हा ते पुन्हा धरणे धरून बसले. तेही त्याच आत्मचरित्रात आहे. दुष्काळाने दिवाळे निघाले ते बरेच झाले, असे म्हणणारा अभंगही याच माणसाचा. तो त्यांना कधी म्हणता आला, ते कोणी सांगू शकत नाही.

गंमत पाहा, या दुष्काळाच्या थोडे आधी, १६२१ साली, इंग्लंडात रॉबर्ट बर्टन नावाच्या विद्वानाने खिन्नतेवर एक भलामोठा ग्रंथ छापला, आणि त्यात संगीताला औषधांत जागा दिली. अलीकडे २०१७ साली कॉक्रेन या संस्थेने नऊ अभ्यास एकत्र तपासले. नेहमीच्या उपचाराला संगीतोपचाराची जोड दिली, तर निदान थोड्या काळापुरती खिन्नता अधिक उतरते, असे त्यांत दिसले. जोड दिली तर, बरे का. झोप उडालेल्या, जेवण टाकलेल्या, जिवावर उदार झालेल्या माणसाला नुसते भजनाला बसवून भागणार नाही. त्याला डॉक्टरकडे न्यावे. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा २०२२ साली सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६, आणि ती मराठीतही बोलते.

राहिली पालखीची गोष्ट. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली हा पालखीसोहळा सुरू केला. अकलूजला गोल रिंगण होते, पुढे माळीनगरला उभे. वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात. तिथे कुणाच्या घरी काय घडले हे कुणी कुणाला विचारत नाही. नवा माणूस आला तर त्याच्या हातात टाळ देतात आणि मागच्या रांगेत जागा करून देतात.