तीन आण्यांची ट्राम

मुंबईंत आणिक आगारांत 'बेस्ट' उपक्रमाचें संग्रहालय आहे. १९८४ सालीं तें कुर्ल्यास उघडलें आणि १९९३ सालीं येथें आणलें. परवां आम्हीं तें पाहिलें. ट्रामांच्या व बसगाड्यांच्या लहान प्रतिकृति, जुनीं तिकिटें, तिकिटें देण्याचीं यंत्रें असा त्याचा संसार आहे. घोड्यांच्या ट्रामपुढें आम्ही अंमळ अधिक रेंगाळलों.

अशी ट्राम चालविण्याचा परवाना एका अमेरिकन कंपनीनें १८६५ मध्येंच मागितला होता. परंतु अमेरिकेंतील यादवी संपून कापसाचा भाव कोसळला, मुंबईंतील सावकारी बुडाली आणि ती योजना तशीच राहिली. पुढें स्टर्न्स व किट्रिज यांच्या कंपनीची ट्राम ९ मे १८७४ रोजीं धांवली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीस जाई, दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीवरून. आज जेथें इलेक्ट्रिक हाउस आहे तेथें कंपनीचे तबेले असून त्यांत नऊशें घोडे असत, असें सांगतात. प्रतिकृतींतील घोडे मात्र मोठे ताजेतवाने दिसतात. मे महिन्यांतील उन्हांत कुलाबा ते पायधुणी हा रस्ता त्यांनीं कधीं तुडविलेला नाहीं!

इतिहासाच्या अभ्यासकास गाडीहून तिचें भाडें अधिक बोलकें वाटतें. प्रारंभीं कुलाबा ते पायधुणी तीन आणे पडत आणि तिकीट मिळत नसे. ट्राम लोकप्रिय होऊं लागतांच भाडें दोन आण्यांवर आलें. आणि फुकट्या उतारूंस आळा घालण्याकरितां त्याच वर्षीं तिकिटें निघालीं. विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजीं आली, बस १५ जुलै १९२६ रोजीं. या तारखा आम्ही विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतों. परंतु आमच्या मतें खरी क्रांति त्या कमी झालेल्या एका आण्यानें केली. एरवीं पायींच गेला असता असा मनुष्य गाडींत येऊन बसला, तेव्हां ती गाडी सार्वजनिक झाली. आणि तो फुकट्या? त्यासही आमच्या पूर्वजांतून वगळण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

३१ मार्च १९६४ रोजीं बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम गेली. आमचे वडील ट्रामविषयीं बोलत, तेव्हां तिच्या बांधणीविषयीं अवाक्षर काढीत नसत. कोणत्या वळणावर तिचा वेग मंदावे आणि चालत्या गाडींतून अलगद उतरतां येई, एवढेंच रंगून सांगत. तीं वळणें आम्हीं लिहून ठेविलीं नाहींत, आणि आतां विचारावयास वडील नाहींत. संग्रहालयाच्या कांचेंतून त्यांचा शोध लागत नाहीं.

१९३७ मध्यें आलेल्या दुमजली बसची जुन्या बांधणीची शेवटची गाडीही १५ सप्टेंबर २०२३ रोजीं निघून गेली. तिच्या वरच्या मजल्यावरील पुढच्या बाकासाठीं जिन्यावरून धांवलेलीं मुलें सध्यां आमच्याच वर्गांत बसतात. यंदां त्यांच्याकडून त्या बाकावर एकेक निबंध लिहवून घेण्यास आम्हीं प्रारंभ केला आहे.