नोटा आणि नोट्स

आम्हा बँकवाल्यांचा संबंध नोटांशी. नोट दुसऱ्याने छापली तरच तिला किंमत. घरी तयार केली तर सरकार पाहुणचाराला थेट हर्सूलच्या तुरुंगात नेते. परीक्षेच्या नोट्सचा हिशेब नेमका उलटा. तिथे दुसऱ्याने छापलेली खोटी आणि घरी केलेली खरी! पण परीक्षा जवळ आली, की औरंगपुऱ्यात गाईडांवर झुंबड उडते आणि हा हिशेब कोणाला पटत नाही.

आमच्या गावचा, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा, तेव्हाच्या औरंगाबादचा इतिहास मात्र याच बाजूने साक्ष देतो. निजामाच्या राज्यात १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले. माध्यम उर्दू. इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणायला सरकारने आदल्याच वर्षी भाषांतराचे खाते उघडले होते. काम मोठेच झाले, नाही म्हणायचे नाही. पण मराठवाड्यातल्या पोराची पंचाईत पाहा : मूळ ग्रंथ इंग्रजी, पाठ्यपुस्तक उर्दू, आणि आई जेवायला हाक मारणार मराठीत! १९४८ साली निजामी गेली, तर उस्मानियाचे माध्यम उर्दूचे इंग्रजी झाले. मराठी आपली स्वयंपाकघरातच. अशा पोराला विषय समजून घ्यायचा, तर वही घेऊन स्वतःचे भाषांतर खाते उघडणे भाग. तेही बिनपगारी.

१९५० साली बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे कॉलेज काढले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. त्याने भिक्खू नागसेनाला विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे म्हणजे पालीतला ‘मिलिंदपञ्ह’ हा ग्रंथ. आता तुम्ही म्हणाल, हे तर गाईडच झाले : वर प्रश्न, खाली उत्तर! पण हा राजा उत्तर ऐकून मान डोलावत नाही. ‘दृष्टांत द्या’ म्हणतो. दिला, की ‘आणखी एक द्या’. आणि पटले, की राजेपण बाजूला ठेवून मोकळेपणाने कबूल करतो. म्हणून कॉलेजला नाव मिळाले विचारणाऱ्याचे. उत्तरे देणाऱ्याच्या वाट्याला परिसर आला, नागसेनवन.

खुद्द बाबासाहेबांचे पाहा. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून १९२३ साली लंडनची डी.एस्सी. मिळवलेला, बॅरिस्टर झालेला आणि १९३५ साली मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचा प्राचार्य झालेला हा माणूस. कायद्याची छापील पुस्तके काय कमी होती? तरी राज्य सरकारने १९९३ साली काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात त्यांची कायद्यावरची टिपणे आहेत : मुदतीचा कायदा, पुराव्याचा कायदा, मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा. अंगावर झोप आणणारे हे विषय. पण टिपणे स्वतःची.

१९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आमच्या दारात आले, १९९४ साली त्याला बाबासाहेबांचे नाव लागले. हैदराबादकडे डोळे लावून बसणे संपले. वही मात्र अजून ज्याची त्यालाच लिहावी लागते. धडा मिटावा, समासात ‘दृष्टांत द्या’ लिहावे आणि तो आपल्या गावातला शोधावा. पाण्याच्या दाबाला पाणचक्की, चलनवाढीला शहागंजची भाजी. अशी नोट दुसऱ्याच्या खात्यावर वटत नाही. म्हणून तर ती खरी.