संकेतस्थळ जुनेच पान का दाखवते?

पातूरहून अकोल्याची बाजारपेठ तीसेक किलोमीटरवर आहे. सोयाबीन किंवा तुरीची पोती गाडीत भरण्यापूर्वी शेतकरी हल्ली मोबाइलवर भाव पाहतो. भाव देणाऱ्या संकेतस्थळाने कालचेच पान आज दाखवले, तर गाडीभाडे वाया जाण्यापर्यंत गोष्ट जाते. गंमत अशी, की सर्व्हरवरील मजकूर सकाळीच बदललेला असतो. जुना मजकूर वाचकाच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये, ब्राऊजरच्या कॅशमध्ये बसलेला असतो.

कॅश म्हणजे एकदा आणलेल्या पानांची, चित्रांची आणि फाइलींची ब्राऊजरने जवळ ठेवलेली प्रत. ती किती काळ ताजी मानायची, हे सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबतच्या शीर्षओळींतून, म्हणजे हेडरमधून, कळवतो. त्यासाठी ‘एक्स्पायर्स’ आणि ‘कॅश-कंट्रोल’ असे दोन हेडर आहेत. पहिल्यात ठरावीक तारीख असते. दुसऱ्यातील ‘मॅक्स-एज’मध्ये सेकंद असतात. 3600 म्हणजे तास, 86400 म्हणजे दिवस, 31536000 म्हणजे वर्ष. दोन्ही असतील, तर ‘मॅक्स-एज’चे चालते.

काहीच मुदत दिली नाही, तर कॅश होणार नाही, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. मुदत नसेल, तर ब्राऊजर स्वतःच अंदाज बांधतो. पान शेवटचे बदलल्याला जितका काळ लोटला, त्याच्या एक दशांश काळ ते ताजे धरण्याची पद्धत रूढ आहे. बाजार समितीच्या सुट्यांचे पान शंभर दिवस बदललेले नसेल, तर त्याची प्रत आणखी दहा दिवस न विचारता दाखवली जाऊ शकते. नवी सुटी जाहीर झालेली असते आणि शेतकरी बंद दारापुढे उभा असतो.

दुसरा गोंधळ मुदत एकापेक्षा अधिक ठिकाणी लिहिल्याने होतो. अपाची सर्व्हरवर मुख्य रचनेत एक मुदत, फोल्डरमधील ‘एचटीअ‍ॅक्सेस’ फाइलीत दुसरी आणि वर्डप्रेसच्या एखाद्या प्लगइनने त्याच फाइलीत गुपचूप भर घातलेली तिसरी, असा प्रकार सर्रास आढळतो. पीएचपीचे सेशन सुरू झाले, की मूळ रचनेनुसार ‘19 नोव्हेंबर 1981’ ही तारीख मुदत म्हणून जाते. ती पाहून घाबरण्याचे कारण नाही. पान कॅशमधून परस्पर वापरले जाऊ नये, म्हणून पीएचपीच्या घडणीतच ती लिहिलेली आहे. इंजिनएक्समध्ये आतील विभागात एखादा हेडर नव्याने जोडला, की बाहेरील विभागात जोडलेले हेडर तेथे सहसा लागू होत नाहीत. जावास्क्रिप्ट फाइलींचा प्रकार काही सर्व्हर ‘अ‍ॅप्लिकेशन’, तर काही ‘टेक्स्ट’ म्हणून सांगतात. 2022च्या मानकाने दुसऱ्यास पसंती दिली. नियम जुन्या नावाने लिहिलेला असेल, तर तो निमूटपणे निरुपयोगी ठरतो. शिवाय मध्ये क्लाउडफ्लेअरसारखी सेवा असेल, तर तीही मुदत बदलू शकते. ‘मॅक्स-एज’मध्ये अनपेक्षितपणे 14400, म्हणजे चार तास, दिसल्यास आधी त्या सेवेची सेटिंग पाहावी.

दोष शोधताना मोठी अडचण अशी, की तो नेमका दुरुस्त करणाऱ्यालाच दिसत नाही. संकेतस्थळाचा चालक पान ‘रिफ्रेश’ करतो, तेव्हा ब्राऊजर सर्व्हरकडे पुन्हा चौकशी करतो आणि नवे पान येते. वाचक मात्र दुव्यावरून येतो आणि त्याला जुनी प्रत मिळते. म्हणून संगणकावर एफ-12 दाबून ‘नेटवर्क’ विभाग उघडावा, तेथील ‘डिसेबल कॅश’ची खूण काढावी आणि वाचकाप्रमाणेच दुव्यावरून पान उघडावे. ज्या फाइलीची तक्रार आहे, नेमके तिचेच हेडर वाचावेत. ‘एज’ हा हेडर असेल, तर प्रत मधल्या सेवेत किती सेकंद पडून होती, तेही कळते. मग मूळ सर्व्हरला थेट विचारून दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत. फरक आढळला, तर दोष मधल्या सेवेत. नसेल, तर सर्व्हरच्या रचनेत किंवा प्रोग्रॅममध्ये.

सेटिंग सुधारल्यावरही तक्रारी थांबत नाहीत, तेव्हा चालक हवालदिल होतो. त्याचे कारण साधे आहे. ज्यांना आधीच वर्षभराची मुदत मिळाली, त्यांचा ब्राऊजर त्या फाइलीसाठी सर्व्हरकडे येतच नाही; सुधारलेली मुदत त्याला कळणार कशी? सुटलेला बाण परत बोलावता येत नाही. अशा वेळी फाइलीचे नाव किंवा त्यापुढील आवृत्ती-क्रमांक बदलणे हाच भरवशाचा मार्ग. मात्र पानाचा पत्ता असा बदलता येत नाही, कारण तो लोकांनी जपून ठेवलेला असतो. म्हणूनच लांब मुदत चित्रे आणि क्रमांकित फाइलींनाच द्यावी. पानांना कधीही देऊ नये.

भावांच्या पानासाठी ‘नो-कॅश’ योग्य. नाव फसवे आहे. प्रत ठेवू नका, असे त्यातून सांगितले जात नाही. त्यासाठी ‘नो-स्टोअर’ आहे. ‘नो-कॅश’ म्हणजे प्रत ठेवा, पण दर वेळी विचारून वापरा. सोबत ‘ईटॅग’ ही ओळखखूण दिली, की मजकूर बदलला नसल्यास सर्व्हर 304 हा क्रमांक असलेले छोटे उत्तर देतो आणि पूर्ण पान पुन्हा उतरवावे लागत नाही. पातूरच्या घाटालगत मोबाइलची रेंज क्षीण असेल, तेथेही इतके उत्तर लवकर पोहोचते.